हरितलवकातल्या पटलांत प्रथिनं कशी बसतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थी, शिक्षक आणि प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू केलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हरितलवकात पटलं किती आणि प्रथिनं नेमकी कुठे बसवायची असतात?

पटलं तीन: बाहेरचं आवरण, आतलं आवरण आणि थायलाकॉइड (आतल्या चपट्या पिशव्यांचं, प्रकाश गोळा करणारं पटल). त्यांच्यामुळे आत तीन पोकळ्या तयार होतात: दोन आवरणांमधली फट, स्ट्रोमा (आतल्या आवरणाच्या आतला द्रवाने भरलेला भाग) आणि थायलाकॉइडच्या आतलं ल्युमेन. म्हणजे एका प्रथिनाला सहा ठिकाणांपैकी नेमकं एक गाठायचं असतं. सगळ्यात जास्त पटल-प्रथिनं थायलाकॉइडमध्ये असतात, त्यामुळे या पानाचा बराचसा भाग त्याच्याबद्दल आहे. आवरणांचं उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे.

२. हरितलवकाला स्वतःचा डीएनए आहे, मग प्रथिनं बाहेरून का आणावी लागतात?

कारण तो डीएनए फार थोड्या प्रथिनांना पुरतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपाच्या हरितलवकातला डीएनए सुमारे १,५४,००० बेस-जोड्यांचा आहे आणि त्यात प्रथिनांची जेमतेम ८०-९० जनुकं आहेत. हरितलवकात मात्र दोन ते तीन हजार प्रकारची प्रथिनं सापडतात. उरलेल्या सगळ्यांची जनुकं केंद्रकात असतात आणि ती प्रथिनं पेशीद्रवात तयार होऊन आत येतात.

गुंतागुंत अशी की एकाच संकुलाचे भाग दोन्हीकडून येतात. प्रकाशप्रणाली २ या थायलाकॉइडमधल्या संकुलातली डी१, डी२, सीपी४३ आणि सीपी४७ हरितलवकातच तयार होतात. ऑक्सिजन सोडणाऱ्या भागाला आधार देणारी पीएसबीओ, पीएसबीपी, पीएसबीक्यू आणि भोवतालची प्रकाश गोळा करणारी प्रथिनं केंद्रकाच्या जनुकांवरून येतात. आतली प्रथिनं बनत असतानाच पटलात शिरू शकतात. बाहेरची मात्र पूर्ण तयार होऊन, दोन आवरणं ओलांडून, मगच थायलाकॉइडकडे वळतात. पुढचे बहुतेक फरक इथून सुरू होतात.

३. आवरणं ओलांडताना काय घडतं? तेव्हाच प्रथिन पटलात बसतं का?

बहुतेक वेळा नाही. आत येणं आणि पटलात बसणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि उत्तरपत्रिकांपासून शोधनिबंधांच्या मसुद्यांपर्यंत त्यांची गल्लत सर्रास दिसते.

प्रथिनाच्या एन-टोकाला प्रवेश-पेप्टाइड असतं. त्यात सेरीन आणि थ्रिओनीन भरपूर, आम्लधर्मी अमिनो आम्लं अगदी कमी. बाहेरच्या आवरणातल्या टॉक संकुलात टॉक१५९ आणि टॉक३४ हे जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरणारे ग्राही त्याला ओळखतात आणि टॉक७५ या पिंपासारख्या नळीतून प्रथिन आत सरकतं. आतल्या आवरणात टिक संकुल असतं. स्ट्रोमाकडून एचएसपी७० आणि एचएसपी९३ यांसारखी प्रथिनं एटीपी खर्च करून त्याला ओढून घेतात. स्ट्रोमातलं प्रक्रिया-पेप्टिडेज प्रवेश-पेप्टाइड कापतं. या घडीला प्रथिन स्ट्रोमात असतं, उलगडलेलं आणि अजून कुठेच न बसलेलं.

४. थायलाकॉइडकडे जाणारे मार्ग किती? कोणता मार्ग घ्यायचा हे कोण ठरवतं?

मुख्य मार्ग चार मानतात. एसआरपी मार्गाला जीटीपी लागतं, सेक मार्गाला एटीपी, टॅट मार्ग पटलाच्या दोन बाजूंच्या पीएचमधल्या फरकावर चालतो आणि चौथ्या, तथाकथित आपोआप मार्गाला यांपैकी काहीच लागत नाही. मार्ग ठरतो प्रथिनाच्या स्वतःच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून.

सेक आणि टॅट हे फक्त ल्युमेनमध्ये जाणाऱ्या विद्राव्य प्रथिनांचे मार्ग आहेत असं शिकवलं जातं. ते अपुरं आहे. सायटोक्रोम एफ सेकने येतं, रिस्के प्रथिन टॅटने, आणि दोन्ही शेवटी पटलाला धरून राहतात (प्रश्न ८ आणि ९).

५. प्रकाश गोळा करणारं प्रथिन पाणी टाळतं, तरी ते पाणीदार स्ट्रोमातून गोळा न होता कसं जातं?

या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

प्रकाश गोळा करणारं हे प्रथिन म्हणजे एलएचसीपी, सुमारे २५ किलोडाल्टनचं. त्यात पटलातून आरपार जाणारे तीन जलद्वेषी हेलिक्स असतात. असं प्रथिन पाण्यात मोकळं सोडलं तर त्याचे हेलिक्स एकमेकांना आणि शेजाऱ्यांना चिकटून निरुपयोगी गोळा तयार होतो. स्ट्रोमात हे काम दोन प्रथिनं सांभाळतात: सीपीएसआरपी४३ आणि सीपीएसआरपी५४. दोघं आणि एलएचसीपी मिळून जे विद्राव्य संकुल बनतं त्याला वाहतूक-संकुल म्हणू.

सीपीएसआरपी४३ ची पकड नेमक्या एका जागी बसते. एलएचसीपीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हेलिक्समध्ये १८ अमिनो आम्लांचा एल१८ नावाचा तुकडा आहे. सीपीएसआरपी४३ च्या ओळीने मांडलेल्या अँकिरिन घड्या तो तुकडा धरतात. सीपीएसआरपी५४ जलद्वेषी हेलिक्सला आधार देतं. सीपीएसआरपी४३ चं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे एलएचसीपीचा गोळा झालेला असला तरी ते तो सोडवू शकतं आणि त्यासाठी एटीपी खर्च करत नाही. पेशीतली गोळे सोडवणारी बहुतेक यंत्रं एटीपीवर चालतात, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे वाहतूक-संकुल थायलाकॉइडपाशी पोचतं. सीपीएसआरपी५४ आणि त्याचा ग्राही सीपीएफटीएसवाय हे दोघेही जीटीपी धरून एकमेकांना जोडले जातात. सीपीएसआरपी४३ हे अल्ब३ च्या (प्रथिनं पटलात बसवणारं थायलाकॉइडमधलं प्रथिन, प्रश्न ६) स्ट्रोमाकडच्या सी-टोकाला जोडलं जातं. एलएचसीपी अल्ब३ कडे सोपवलं जातं, दोन्ही जीटीपी तुटतात आणि वाहक पुढच्या फेरीसाठी मोकळे होतात.

नेहमी येणारा उपप्रश्न: जिवाणूंच्या एसआरपीमध्ये आरएनए असतो, इथे का नाही? सपुष्प वनस्पतींच्या हरितलवकातल्या एसआरपीने तो गमावला आहे. काही शैवालांत आणि मॉसमध्ये त्याचं जनुक अजून सापडतं. सीपीएसआरपी४३ मात्र जिवाणूंत नाही. ते हरित वंशाची स्वतःची भर आहे.

६. अल्ब३ ही नळी आहे का?

तसं म्हणू नये. अल्ब३ हे जिवाणूंतल्या वायआयडीसी आणि तंतुकणिकांतल्या ऑक्सा१ यांच्या कुळातलं आहे. या कुळातल्या जिवाणू-प्रथिनांच्या रचनेत आरपार छिद्र दिसत नाही. दिसते ती पटलाच्या आत एका बाजूने उघडी असलेली, पाण्याला धार्जिणी खाच. येणाऱ्या प्रथिनाचा पाणीप्रेमी भाग काही क्षण त्या खाचेत राहतो आणि जलद्वेषी हेलिक्स बाजूने सरळ स्निग्ध थरात सरकतो. लांबलचक पाणीप्रेमी साखळी ल्युमेनमध्ये ढकलायची असेल तर ही खाच पुरत नाही. तिथे सेकची नळी लागते.

७. आधी हरितद्रव्य की आधी प्रथिन?

दोन्ही एकमेकांसाठी थांबतात. एलएचसीपीच्या एका रेणूत ८ क्लोरोफिल ए, ६ क्लोरोफिल बी आणि ४ कॅरोटिनॉइड बसतात. रंगद्रव्यांशिवाय त्याची घडी टिकत नाही. क्लोरोफिल बी तयार न होणाऱ्या उत्परिवर्तकांत एलएचसीपी बनतं, आत येतं, पण फारसं साठत नाही. प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं, ते मोडून टाकतात. उलट बाजूने, धारक प्रथिनाविना मोकळं राहिलेलं क्लोरोफिल प्रकाशात घातक ऑक्सिजन-रूपं निर्माण करतं. म्हणून दोन्हींचा पुरवठा जुळवलेला असतो. सीपीएसआरपी४३ इथेही भेटतं: क्लोरोफिलच्या जैवसंश्लेषणाच्या सुरुवातीचं विकर ग्लूटीआर यालाही ते गोळा होण्यापासून वाचवतं.

८. सेक मार्गाने पटल-प्रथिन कसं बसतं?

सीपीएसईसीए एटीपी खर्च करून साखळी उलगडलेल्या अवस्थेत सीपीएसईसीवाय-सीपीएसईसीई या नळीत ढकलतं. सायटोक्रोम एफचा बहुतांश भाग असा ल्युमेनमध्ये जातो आणि सी-टोकाजवळचा जलद्वेषी हेलिक्स नळीत अडून बाजूने पटलात उतरतो. एन-टोकाचा संकेत ल्युमेनच्या बाजूला थायलाकॉइड प्रक्रिया-पेप्टिडेज कापतं. प्लास्टोसायनिन आणि पीएसबीओ याच मार्गाने जातात, पण ते पटलात न थांबता ल्युमेनमध्ये उतरतात.

९. टॅट घडी पडलेलं प्रथिन कसं नेतं, आणि त्याची गरजच काय?

गरज रिस्के प्रथिनावरून समजते. त्यात लोह-गंधकाचा पुंजका असतो आणि तो स्ट्रोमातच बसवावा लागतो. पुंजका बसला की घडी पडते, आणि घडी पडलेलं प्रथिन सेकच्या अरुंद नळीत शिरत नाही. टॅट मार्गात सीपीटीएटीसी आणि एचसीएफ१०६ संकेत ओळखतात आणि पटलाच्या दोन बाजूंत पीएचचा फरक असेल तेव्हाच टीएचए४ चे अनेक रेणू तिथे जमतात. एटीपी किंवा जीटीपी लागत नाही, पण काम स्वस्त नाही: एक प्रथिन पलीकडे न्यायला हजारो प्रोटॉन खर्ची पडतात.

नेहमीच्या टॅट संकेतात शेजारी-शेजारी दोन आर्जिनीन असतात. दोन्हींच्या जागी लायसिन घातली तर वाहतूक थांबते. मार्ग तपासण्याची ही जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. वनस्पतींचं रिस्के मात्र अपवाद आहे. त्यात लायसिन-आर्जिनीन अशी जोडी आहे आणि तरीही ते टॅटनेच जातं. त्याचा संकेत कापला जात नाही, तोच पटलातला नांगर होतो. फक्त क्रम पाहून मार्ग सांगणारी संगणक-साधनं अशा ठिकाणी सहज चुकतात.

१०. ‘आपोआप’ म्हणजे खरंच कुणाचीही मदत लागत नाही?

ज्ञात यंत्रणांपैकी कुणाचीच लागत नाही, इतकं ठामपणे म्हणता येतं. पीएसबीएक्स, पीएसबीडब्ल्यू आणि एटीपी सिंथेजचा सीएफओ-२ हा घटक यांच्यावर हे तपासलेलं आहे. न्यूक्लिओटाइड काढून टाकली, पीएचचा फरक मोडला, थायलाकॉइडवर आधी ट्रिप्सिन चालवून सेक आणि अल्ब३ चे उघडे भाग कापले, तरीही ही प्रथिनं बसतात.

यांत दोन जलद्वेषी भाग असतात: एक संकेतात, एक मूळ प्रथिनात. दोन्ही मिळून केसांच्या आकड्यासारखे दुमडतात आणि एकदमच पटलात शिरतात. मधला छोटा फास ल्युमेनमध्ये पोचतो, तिथे पेप्टिडेज तो कापतं आणि संकेत सुटा होतो. फास लहान असणं महत्त्वाचं आहे, कारण जास्त विद्युत्भारित अमिनो आम्लं पटलापार न्यायची तर ऊर्जा कुठून तरी आणावी लागेल. टॅटचे टीएचए४ आणि एचसीएफ१०६ हे स्वतःही असेच कुणाच्या मदतीशिवाय बसतात.

११. डी१ प्रथिनाचा मार्ग वेगळा का सांगतात?

कारण ते रायबोसोमवर बनत असतानाच पटलात शिरतं. इथे सीपीएसआरपी५४ लागतं, पण सीपीएसआरपी४३ शिवाय. स्ट्रोमात सीपीएसआरपी५४ चे दोन साठे असतात: एक सीपीएसआरपी४३ ला जोडलेला (प्रश्न ५), दुसरा ७०एस रायबोसोमला चिकटलेला. डी१ चा पहिला जलद्वेषी हेलिक्स रायबोसोममधून बाहेर पडू लागला की दुसऱ्या साठ्यातलं सीपीएसआरपी५४ त्याला धरतं. पाचही हेलिक्स बसल्यावर सी-टोकाचा छोटा तुकडा ल्युमेनमधलं सीटीपीए विकर कापतं. तो कापल्याशिवाय मँगनीजचा पुंजका जुळत नाही.

तीव्र प्रकाशात डी१ सतत बिघडतं. एफटीएसएच आणि डेग प्रोटिएज खराब प्रत मोडतात आणि त्याच प्रकाशप्रणालीत नवी प्रत बसवली जाते. त्यामुळे डी१ बसवण्याचं काम वाढत्या पानापुरतं नसतं, प्रौढ पानातही ते दिवसभर चालू असतं.

१२. आवरणांमधली प्रथिनं कशी बसतात?

आतल्या आवरणासाठी दोन रीती आहेत. काही प्रथिनं टिकमधून जाताना जलद्वेषी हेलिक्सपाशी अडतात आणि बाजूने पटलात उतरतात. एआरसी६ हे उदाहरण. टिक४० सारखी काही आधी पूर्ण स्ट्रोमात येतात आणि तिथून उलट फिरून आवरणात बसतात. आतल्या आवरणात सेकची दुसरी, स्वतंत्र जोडी आहे (एससीवाय२ आणि एसईसीए२), ती थायलाकॉइडच्या सेकपेक्षा वेगळी.

बाहेरच्या आवरणातल्या ओईपी७ सारख्या एका हेलिक्सच्या प्रथिनांना सहसा कापलं जाणारं प्रवेश-पेप्टाइड नसतं. पेशीद्रवातलं एकेआर२ त्यांना सांभाळून आणतं. टॉक७५ अपवाद आहे. त्याला प्रवेश-पेप्टाइड आहे आणि मध्ये ग्लायसिनची लांब माळ, जी त्याला स्ट्रोमात पूर्ण शिरू देत नाही.

१३. कोणतं टोक स्ट्रोमात राहणार, हे कशावरून ठरतं?

मुख्यतः धन भारावरून. हेलिक्सच्या ज्या बाजूला लायसिन आणि आर्जिनीन जास्त, ती बाजू स्ट्रोमात राहते. एलएचसीपीचं एन-टोक स्ट्रोमात आणि सी-टोक ल्युमेनमध्ये असतं.

१४. प्रयोगशाळेत हे तपासायचं कसं?

८ ते १० दिवसांची वाटाण्याची रोपं घ्या. पानं अंधार संपताना तोडा, कारण दिवसा साठलेले स्टार्चचे कण अपकेंद्रणात हरितलवक आतून फोडतात. ३३० मिलिमोलर सॉर्बिटॉल आणि ५० मिलिमोलर हेपीस-केओएच, पीएच ८.० अशा बर्फगार द्रावणात अगदी थोडा वेळ वाटा, गाळा, अपकेंद्रित करा आणि ४० टक्के पर्कोल या दाट द्रावणावरून फिरवा. अखंड हरितलवक तळाशी जातात, फुटलेले वरच राहतात. क्लोरोफिल ८० टक्के ॲसिटोनमध्ये मोजा: ६५२ नॅनोमीटरवरचं शोषण भागिले ३४.५, गुणिले विरलीकरण, म्हणजे मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर.

फक्त थायलाकॉइड हवे असतील तर सॉर्बिटॉल नसलेल्या, पण ५ मिलिमोलर मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात पाच मिनिटं बर्फावर फोडा. तळाशी बसतं ते थायलाकॉइड, वर राहतो तो स्ट्रोमा. दोन्ही जपून ठेवा. किरणोत्सारी मिथिओनीन घालून बनवलेलं एलएचसीपी, स्ट्रोमा, ५ मिलिमोलर एटीपी आणि १ मिलिमोलर जीटीपी यांच्यासह थायलाकॉइड २५ अंश सेल्सिअसला उजेडात अर्धा तास ठेवा. मग बर्फावर थर्मोलायसिन हे प्रोटिएज, ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, सोबत कॅल्शियम. अर्ध्या तासाने ईडीटीए घालून थांबवा. ईडीटीए जेलवर नमुना चढवण्याच्या बफरमध्येही हवंच. नाहीतर गरम करताना, प्रथिनं उलगडत असताना, उरलेलं थर्मोलायसिन पुन्हा कापायला लागतं आणि जेलवरच्या सगळ्या पट्ट्या फिक्या दिसतात.

१५. थर्मोलायसिननंतरही पट्टी शिल्लक आहे. म्हणजे प्रथिन बसलं ना?

पट्टी किती उंचीवर आहे ते आधी पाहा. नीट बसलेल्या एलएचसीपीचा स्ट्रोमाकडे उघडा असलेला एन-टोकाचा भाग थर्मोलायसिन कापतं, त्यामुळे उरलेली पट्टी पूर्ण प्रथिनापेक्षा साधारण १ ते २ किलोडाल्टनने खाली येते. ती खाली सरकलेली पट्टी हा खरा पुरावा. पूर्ण आकाराची पट्टी टिकली असेल तर बहुधा प्रोटिएज कमी पडलं, कॅल्शियम राहून गेलं किंवा प्रथिनाचा गोळा झाला आणि प्रोटिएज आत पोचलंच नाही.

एक नळी अशी ठेवा जिच्यात प्रोटिएजसोबत ट्रायटॉन एक्स-१०० हे पटल विरघळवणारं द्रव्य घातलं आहे. पटल विरघळल्यावर पट्टी नाहीशी झाली तरच आधीचं संरक्षण पटलाने दिलं होतं. दुसरी नळी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा: नुसतं चिकटलेलं प्रथिन निघून जातं. मात्र गोळा झालेलं प्रथिन क्षाराने धुऊनही तळाशीच सापडतं, त्यामुळे फक्त क्षाराच्या धुण्यावर निष्कर्ष काढू नका. चिकटणं आणि बसणं यांतला फरक दाखवला नाही तर बाकीच्या सगळ्या नळ्यांना अर्थ राहत नाही.

१६. अवरोधक दिले तरी निकाल अर्धवटच येतो. का?

१० मिलिमोलर सोडियम आझाइड सीपीएसईसीए अडवतं, पण एटीपी तोडणाऱ्या इतर विकरांवरही परिणाम करतं. पोटॅशियम असताना १ मायक्रोमोलरच्या आसपास निगेरिसिन पीएचचा फरक मोडतं, म्हणून टॅट थांबतं. पण त्याचबरोबर उजेडात तयार होणारं एटीपीही बंद होतं. बाहेरून एटीपी दिलं नाही तर सेकही मंदावतं आणि सेकने जाणारं प्रथिन चुकून टॅटवर अवलंबून आहे असं वाटतं. जीटीपीची गरज तपासताना स्ट्रोमातलं मूळ न्यूक्लिओटाइड काढलेलं नसेल तर फरक दिसतच नाही. तिथे एटीपी आणि जीटीपी तोडणारं अपायरेज हे विकर वापरा. आणि सीपीएफटीएसवायचा काही भाग थायलाकॉइडला चिकटूनच येतो. त्याची गरज पाहायची तर थायलाकॉइड आधी मिठाच्या तीव्र द्रावणाने धुवावे लागतात.

१७. अल्ब३ नसेल तर रोप मरतं, मग सीपीएसआरपी४३ नसताना कसं जगतं?

अरॅबिडॉप्सिसचे उत्परिवर्तक शेजारी ठेवले की हे डोळ्यांना दिसतं. अल्ब३ नसलेलं रोप पांढरट-पिवळं असतं आणि साखर नसलेल्या मातीत रोपावस्थेतच मरतं. सीपीएसआरपी४३ नसलेलं फिकट हिरवं, पण वाढतं आणि बी धरतं. सीपीएसआरपी५४ नसलेल्याची पहिली पानं पिवळी येतात आणि पुढची बऱ्यापैकी हिरवी होतात. दोन्ही नसलेलं रोप आणखी फिकं पडतं, तरी जगतं. म्हणजे वाहक नसले तरी थोडं एलएचसीपी अल्ब३ पर्यंत पोचतं; अल्ब३ ला मात्र पर्याय नाही, कारण त्याच्यावर एलएचसीपीखेरीज प्रकाशप्रणालींची इतर प्रथिनंही अवलंबून असतात.

१८. हा मार्ग मुद्दाम कमकुवत करून काही फायदा होतो का?

होऊ शकतो, विशेषतः शैवालांच्या दाट संवर्धनात. वरच्या पेशी गरजेपेक्षा जास्त प्रकाश शोषतात, तो उष्णतेच्या रूपात वाया जातो आणि खालच्या पेशी अंधारात राहतात. क्लॅमिडोमोनासच्या टीएलए२ आणि टीएलए३ या उत्परिवर्तकांत अनुक्रमे सीपीएफटीएसवाय आणि सीपीएसआरपी४३ निकामी आहेत. त्यांचा प्रकाश गोळा करणारा पसारा लहान असतो, पेशी फिक्या हिरव्या दिसतात आणि दाट संवर्धनात प्रकाश खोलवर पोचतो. मंद प्रकाशात मात्र याच पेशी मूळ वाणापेक्षा मागे पडतात.